भाकर मी घरून अर्धी करून आणणार नाही : आमच्या पाळकांना आणि वडीलमंडळाला खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब आणि वडीलमंडळाचे सर्व सभासद,

ख्रिस्तात सप्रेम नमस्कार.

गेली १९ वर्षं प्रभुभोजनाचं, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीचं, मेज मी मांडते आहे. पांढरं वस्त्र इस्त्री करून अंथरायचं, छोटे पेले ट्रेमध्ये ओळीनं लावायचे, भाकर ताटात ठेवून वर रुमाल झाकायचा, आणि उपासना संपली की पेले धुऊन, पुसून कपाटात ठेवायचे. मंडळीत माझ्याकडे यापलीकडे कसलंही पद नाही. कमिटीत मी कधी नव्हते, आणि प्रवचन करण्याइतकी माझी तयारीही नाही.

आठ महिन्यांपासून हे मेज मी एकाच सकाळी दोनदा मांडते आहे. पहिली उपासना संपते, लोक बाजूच्या दारानं बाहेर पडतात, मग पाऊण तासानं समोरच्या दारानं दुसरे लोक आत येतात. दोघांची गाठ पडू नये म्हणून हा पाऊण तास. तेवढ्या वेळात मी तेच पेले धुते आणि पुन्हा भरते. सुरुवातीलाच मला निरोप आला होता, "दोन्ही वेळेला ताट सारखं दिसायला हवं, तेव्हा भाकर घरूनच अर्धी करून आणत जा." मी तसं केलं. सुरी माझ्या हातात होती, म्हणून या पत्रातली पहिली तक्रार माझी माझ्याबद्दलच आहे. त्या दिवशीच मी नाही म्हणायला हवं होतं.

पत्र खुलं का लिहिलं, असं आपण विचाराल. मी आपल्याला दोन लेखी अर्ज दिले. पहिल्याचं उत्तर आलं नाही. दुसऱ्याला तोंडी उत्तर मिळालं, "वातावरण निवळू द्या." त्यानंतर जे घडलं ते खाली लिहिते आहे. ते घडल्यावर तिसरा अर्ज देऊन फाइलमध्ये लावून घेण्यात मला अर्थ वाटला नाही. शिवाय आमच्या चार भिंतींत जे झालं ते आज कितीतरी मंडळ्यांत, कितीतरी घरांत होत आहे. त्यांनीही हे वाचावं.

भांडण कशावरून झालं आणि कोण कोणत्या बाजूचं होतं, हे मी लिहिणार नाही. बाजूंची अदलाबदल केली तरी या पत्रातला एक शब्दही मला बदलावा लागणार नाही. बाहेर समाजात फूट पडली होती, ती आधी आमच्या फोनवर आली आणि मग बाकांवर. मंडळीच्या ग्रुपवर एकानं काहीतरी पाठवलं, दुसऱ्यानं त्याला उत्तर पाठवलं. "ते लोक" हा शब्द मी तिथे पहिल्यांदा वाचला आणि तो आपल्याच माणसांसाठी होता. एका रविवारी उपासनेनंतर आवारात एका कुटुंबाला सगळ्यांदेखत नको ते बोललं गेलं. कुणीतरी हात उगारला. लहान मुलं तिथेच उभी होती.

त्या दिवशी आपण घाबरलात, आणि ते मला समजतं. मीही घाबरले होते. पुढच्या रविवारी फलकावर सूचना लागली : मंडळीच्या शांततेसाठी दोन उपासना होतील, ही सोय तात्पुरती आहे. खूप जणांनी सुटकेचा श्वास सोडला. त्यात मीही होते.

आता मंडळीतल्या त्या दोघी बायकांबद्दल सांगते. नावं लिहीत नाही, आपल्याला ठाऊक आहेतच. डावीकडच्या तिसऱ्या बाकावर त्या शेजारी शेजारी बसत. थोरलीची नजर अधू झालेली, पण गळा शाबूत. धाकटीला सूर लागत नसे, पण डोळे चांगले. दोघींत गीतांचं पुस्तक एकच. धाकटी प्रत्येक ओळीचा पहिला शब्द हळूच सांगायची आणि थोरली ती ओळ पूर्ण गायची. मागच्या बाकावर बसलं की तो पुटपुटलेला शब्द आधी ऐकू यायचा आणि मग आवाज उठायचा. माझ्या कानाला तो गीताचाच भाग झाला होता.

दोन उपासना झाल्या तेव्हा थोरलीचं कुटुंब पहिल्या यादीत गेलं आणि धाकटीचं दुसऱ्या. आठ महिने थोरली पुस्तक मांडीवर मिटून बसली. पाठ होतं तेवढं गायची, बाकीच्या वेळी गप्प. आणि गेल्या महिन्यात धाकटी वारली. अंत्यविधीची सूचना दुसऱ्या उपासनेत वाचली गेली, त्याच उपासनेच्या ग्रुपवर टाकली गेली. पहिल्या उपासनेत ती वाचावी, असं कुणालाच सुचलं नाही. पुढच्या रविवारी मी पेले गोळा करत होते तेव्हा थोरलीनं मला हाक मारून विचारलं, "अगं, ती हल्ली बरी आहे ना?" मातीला पाच दिवस झाले होते. मी सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला कुणी का नाही कळवलं गं? मी काय केलं होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाळकसाहेब, ते आपण द्यावं, अशी माझी विनंती आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, त्या "तात्पुरती" या शब्दाबद्दल. हा शब्द चर्चच्या इतिहासात पूर्वी एकदा वापरून झाला आहे आणि त्याचं पुढे काय झालं ते लिहून ठेवलेलं आहे. दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतात डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनॉडनं, म्हणजे सर्वोच्च धर्मसभेनं, १८२९ साली स्पष्ट सांगितलं होतं की रंग किंवा मूळ न पाहता सगळ्यांना प्रभुभोजन एकत्रच दिलं जावं. त्याच चर्चच्या सिनॉडपुढे १८५७ साली प्रश्न पुन्हा आला. गोऱ्या सभासदांपैकी काहींना इतरांबरोबर बसायचं नव्हतं. तेव्हा ठराव असा झाला की एकत्र असणं हेच इष्ट आणि शास्त्राला धरून आहे, पण "काहींच्या दुर्बलतेमुळे" जिथे अडचण होत असेल तिथे वेगळ्या इमारतीत उपासना चालावी. दुर्बलतेला दिलेली सवलत, एवढंच होतं ते. १८८१ मध्ये त्या सवलतीचं वेगळं चर्च झालं. १९४८ नंतर साऱ्या देशावर वर्णभेदाचं राज्य आलं तेव्हा त्याला बायबलचा आधार द्यायला पाळक पुढे होते. एका वेगळ्या इमारतीपासून तिथपर्यंत ९१ वर्षं लागली. आपली सोय तात्पुरती असेल तर ती संपण्याची तारीख कुठे आहे? आठ महिन्यांत ती मी एकदाही ऐकलेली नाही.

दुसरी तक्रार अशी की वेगळं बसवण्याला आपण शांती म्हणालात. पहिल्या मंडळ्यांच्या काळात अंत्युखिया शहरात हेच झालं होतं. प्रेषित पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीला बसत होता. यरुशलेमहून याकोबाकडची माणसं आली तेव्हा तो भिऊन मागे सरला आणि वेगळा जेवू लागला, त्याच्या पाठोपाठ बर्णबासुद्धा. तिथे भांडण झालं नव्हतं, आवाज चढला नव्हता. वरवर पाहता सगळं शांत होतं. तरी पौलानं पेत्राला सर्वांसमोर, तोंडावर धरलं. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो लिहितो की ते सुवार्तेच्या सत्याप्रमाणे नीट चालत नव्हते. कुणाशेजारी बसून जेवायचं, हा प्रश्न त्यानं शिष्टाचाराचा मानला नाही. तो त्याच्या लेखी थेट सुवार्तेचा प्रश्न होता.

आपण इफिसकरांस पत्रातलं "मधली आडभिंत" हे वचन दर वर्षी शिकवता. ती भिंत यरुशलेमच्या मंदिरात खरोखरच होती. परराष्ट्रीयानं ती ओलांडली तर त्याच्या मरणाला तोच जबाबदार, असं तिच्यावर कोरलेलं होतं. तसा एक अखंड दगड १८७१ साली सापडला, आज तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. ख्रिस्तानं ती भिंत पाडली असं आपण वाचतो, आणि मग मी पाऊण तास घड्याळाकडे बघत पेले पुसते. आमची आडभिंत त्या पाऊण तासाची आहे.

तिसरी तक्रार माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. ज्या कुटुंबाचा सगळ्यांदेखत अपमान झाला, त्यांना कुणी काही विचारलंच नाही. दोन उपासना करून आपण अपमान करणाऱ्यालाही सोडवलं आणि अपमान सोसणाऱ्यालाही गप्प केलं. काही जण म्हणतात, "चला, झालं गेलं विसरू या, प्रीती सर्व काही झाकते." मी त्यांच्या बाजूची नाही. ज्याला लागलं आहे त्याच्यावर क्षमेची सक्ती करून साधलेली एकी मला नको. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ज्या १३ व्या अध्यायातून आपण लग्नात प्रीतीचं वचन वाचता, त्याच अध्यायात प्रीती अनीतीत आनंद मानत नाही, सत्यात मानते, असंही लिहिलं आहे. लग्नात त्या ओळीवर फारसं कुणी थांबत नाही.

पहिल्या मंडळीनं काय केलं ते प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आहे. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती की रोजच्या वाटपात आमच्या विधवांना डावललं जातं. म्हणजे भाषेवरून पडलेली फूट, आणि तीही अन्नाच्या ताटाशी. प्रेषितांना दोन स्वयंपाकघरं करता आली असती. त्यांनी सगळा समुदाय बोलावला, तक्रार खरी मानली आणि सात जण निवडायला सांगितलं. त्या सातांची नावं वाचा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्यासारख्यांच्याच हाती त्यांनी अख्खं वाटप दिलं. मला हे वाचताना दर वेळी भरून येतं. एवढा विश्वास टाकायला केवढी प्रीती लागत असेल.

चौथी तक्रार प्रवचनांबद्दल. आठ महिन्यांत मत्तयाच्या पाचव्या अध्यायावर एकही प्रवचन झालेलं नाही. वैऱ्यांवर प्रीती करा, हे नाही. तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण वेदीपुढे तसंच ठेवून आधी जाऊन समेट कर, हेही नाही. मध्यस्थीच्या प्रार्थनेतून "आमच्याशी ज्यांचं पटत नाही त्यांच्यासाठी" ही ओळ गळली. कुणी काढली मला माहीत नाही, पण गळली हे सगळ्यांच्या लक्षात आलं आहे. माणसं दुखावतील म्हणून आपण हे विषय टाळता, असं मला वाटतं. पण गप्प राहिलेल्या व्यासपीठाची किंमत फार मोठी असते. रवांडात बहुतेक लोक ख्रिस्ती होते. बाप्तिस्मा, उपदेश, स्तोत्रं, सगळं होतं. १९९४ साली तिथे शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारलं, आणि आसऱ्यासाठी चर्चमध्ये शिरलेल्यांना चर्चमध्येच मारलं. न्यामाटा आणि न्टारामा इथली ती चर्चं आज स्मारकं म्हणून जपली आहेत. आपली गोष्ट तिथवर जाईल असं मी म्हणत नाही. रविवारची हजेरी माणसाला द्वेषापासून आपोआप वाचवत नाही, एवढंच मला म्हणायचं आहे. ते शिकवावं लागतं, नाव घेऊन शिकवावं लागतं.

पाचवी, मुलांची. संडे स्कूलचेही दोन वर्ग झाले. त्यातल्या सात वर्षांच्या एका मुलीनं मला विचारलं, "दुसऱ्या उपासनेतला येशू वेगळा आहे का?" तिला काय उत्तर दिलं ते मी दिलं. मूल आठ महिन्यांत काय शिकलं, हे आपल्याला कळावं म्हणून लिहिते आहे.

आता आशेबद्दल थोडं. आशा हा शब्द आपल्याकडे फार मऊ झाला आहे. होईल सगळं ठीक, देव बघून घेईल, वातावरण निवळेल. बायबलमधली आशा इतकी स्वस्त नाही. संदेष्टा यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता, बाबेलच्या सैन्यानं शहर वेढलं होतं, आणि शहर पडणार हे त्यानं स्वतःच सांगितलं होतं. अशा वेळी त्यानं अनाथोथचं शेत विकत घेतलं. सतरा शेकेल रुपं तोलून दिलं, साक्षीदार घेतले, खरेदीखत मातीच्या मडक्यात घालून ठेवलं, कारण ते पुष्कळ दिवस टिकायला हवं होतं. जी जमीन उद्या शत्रूच्या ताब्यात जाणार, तिची किंमत त्यानं आज मोजली. त्याच यिर्मयानं शांती नसताना "शांती, शांती" म्हणणाऱ्यांना आणि लोकांची जखम वरवर बांधणाऱ्यांना फटकारलं होतं, हे विसरू नका. जखम उघडी करायला सांगणारा आणि शेत विकत घेणारा माणूस एकच.

दुसरी आठवण इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीची. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात तिथलं कॅथीड्रल जळालं. तिथले प्रमुख धर्मगुरू रिचर्ड हॉवर्ड यांनी उद्ध्वस्त वेदीमागच्या भिंतीवर दोनच इंग्रजी शब्द कोरवले. क्रूसावर प्रभू म्हणाला होता, "हे बापा, त्यांना क्षमा कर." हॉवर्ड यांनी त्यातला "त्यांना" गाळला. "बापा, क्षमा कर." त्यांनी स्वतःलाही त्याच प्रार्थनेत धरलं. युद्धानंतर त्याच कॅथीड्रलनं बॉम्बनं बेचिराख झालेल्या जर्मनीतल्या ड्रेस्डेनशी मैत्री जोडली. आमच्या ग्रुपवरचे आठ महिन्यांचे संदेश मी परवा पुन्हा वाचले. त्यात "त्यांना" हा शब्द किती वेळा आला आहे ते आपणही एकदा पाहा. दोन वेळा तो मीच लिहिला आहे. त्याची क्षमा मी त्या कुटुंबाच्या घरी जाऊन मागितली. त्यांनी लगेच काही म्हटलं नाही, मला आत बसवलं आणि पाणी दिलं. तेवढंही मला पुष्कळ वाटलं.

दक्षिण आफ्रिकेची गोष्टही मी अर्धीच सांगितली. ज्यांना वेगळं काढलं होतं त्याच चर्चनं १९८२ साली बेल्हार इथे एक विश्वासपत्र, म्हणजे आपल्या विश्वासाचं जाहीर निवेदन, लिहायला घेतलं आणि १९८६ साली ते स्वीकारलं. एकता ही देवाची देणगी आहे आणि ती पाळणं हे कर्तव्यही आहे, असं त्यात आहे. ज्यांना दाराबाहेर ठेवलं, त्यांनीच आत एकत्र बसायला बोलावलं. १८५७ च्या त्या सिनॉडमध्ये हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

माझ्या मागण्या अशा आहेत.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी उपासना एकच असावी, आणि हे आत्ताच फलकावर लिहावं. कुणाला त्या दिवशी येणं जड वाटलं तर त्यांनी येऊ नये, त्यांच्यावर सक्ती नको. पण दार आणि वेळ एकच असावी.

त्याआधी सगळ्या मंडळीची सभा बोलवावी. त्यात ज्या कुटुंबाचा अपमान झाला त्यांना हवं असेल तर आधी बोलू द्यावं, मध्ये कुणी तोडू नये. ज्यानं हात उगारला तो माणूसही मंडळीचाच आहे. त्यालाही बोलावं लागेल, आणि त्याच्यासाठीही खुर्ची ठेवावी.

सभेनंतर समेटाचं काम पाहायला काही जण नेमावेत आणि त्यात तक्रार असणाऱ्यांचं बहुमत असावं. सहाव्या अध्यायाप्रमाणे.

गळलेली प्रार्थनेची ओळ परत घ्यावी. संडे स्कूलचा वर्ग या रविवारपासूनच एक करावा, त्याला सभेची वाट पाहायची गरज नाही. मृत्यूची सूचना इथून पुढे प्रत्येकाला जावी, तो कोणत्याही यादीत असो.

आणि आपण, पाळकसाहेब, स्वतः थोरल्या बाईंच्या घरी जावं. त्यांना कुणी का कळवलं नाही, हे त्यांना सांगावं. सोबत वडीलमंडळातलं एक जण असावं. समजूत घालायला जाऊ नका, चूक झाली असं म्हणायला जा.

आपल्याबद्दल माझ्या मनात कडवटपणा नाही. माझ्या मुलांचे बाप्तिस्मे याच वेदीपुढे झाले, माझ्या आईची शेवटची प्रार्थना आपणच केलीत. मी ही मंडळी सोडून कुठे जाणार नाही, आणि पेले धुण्याचं कामही सोडणार नाही. पण भाकर घरून अर्धी करून आणणं माझ्याच्यानं यापुढे होणार नाही. पौलानं करिंथकरांना लिहिलं होतं की भाकर एक आहे, म्हणून आपण पुष्कळ असलो तरी एक शरीर आहोत. पुढच्या प्रभुभोजनाला मी अखंड भाकर आणीन, एकाच ताटात ठेवीन आणि मेज एकदाच मांडीन.

मोठ्या अक्षरांचं गीतांचं एक पुस्तक मी आणून ठेवलं आहे. डावीकडच्या तिसऱ्या बाकावर थोरल्या बाईंच्या शेजारची जागा रिकामी आहे. तिथे बसून ओळीचा पहिला शब्द सांगायला दुसऱ्या उपासनेतल्या एका मुलीनं होकार दिला आहे. उपासना कधी, एवढंच तिला कळवायचं राहिलं आहे.

आपली नम्र,
प्रभुभोजनाचं मेज मांडणारी मंडळीची एक सभासद